मदत हवी आहे : हर्डवर ‘पाथ_मॅक्स’ सापडत नाही, पॅच अडला आहे

पारसिक :
नमस्कार. सी भाषेत लिहिलेला एक सूचीकरणाचा प्रोग्राम मी डेबियन जीएनयू/हर्डवर, म्हणजे लिनक्सऐवजी हर्ड वापरणाऱ्या डेबियनवर, चालवू पाहतो आहे. लिनक्सवर तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. हर्डवर मात्र ‘पाथ_मॅक्स अनडिक्लेअर्ड’ (पाथची, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याची, कमाल लांबी सांगणारा स्थिरांक घोषित नाही) असे सांगून कंपायलर जागीच थांबतो. लिमिट्स.एच ही हेडर फाइल जोडलेली आहे, तेव्हा तो मुद्दा कृपया नको. पाथकॉन्फ() या फंक्शनला मर्यादा विचारून तेवढीच मेमरी मागून पाहिली, तर मशीनवर भरपूर मेमरी मोकळी असतानाही मेमरी मागणारे मॅलॉक() नल परत करते, म्हणजे नकार देते. नेमके काय लिहायचे ते सांगावे. दुरुस्तीचा पॅच रविवारपर्यंत पाठवायचा आहे.

घोडबंदर :
एवढी शोधाशोध कशाला? फाइलच्या सुरुवातीला ‘पाथ_मॅक्स नसेल तर ४०९६ धरा’ अशा अर्थाच्या तीन ओळी टाका आणि मोकळे व्हा. लिनक्सवर हाच आकडा आहे. असे पॅच मी अनेक प्रोग्रामांत पाहिले आहेत आणि ते चालतात.

मासुंदा :
घोडबंदर यांचा उपाय कंपायलरला गप्प करतो, पण दोष जिथल्या तिथेच राहतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमांच्या मानकानुसार, मर्यादा निश्चित नसेल किंवा प्रत्येक फाइल सिस्टीमनुसार बदलत असेल, तर ‘पाथ_मॅक्स’ लिमिट्स.एचमध्ये नसणे पूर्णपणे वैध आहे. हर्डमध्ये अशी ठरावीक मर्यादाच नाही, म्हणून तो आकडा दिलेला नाही. म्हणजे मानक हर्डने नव्हे, आपल्या प्रोग्रामने मोडले आहे. पाथकॉन्फ()चेही तसेच आहे : मर्यादा नसेल तर ते -१ परत करते आणि चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या एररनोला हात लावत नाही. तो -१ तसाच मॅलॉक()ला दिला की त्याचा साइझ_टी या प्रकारातला सर्वांत मोठा आकडा होतो, आणि एवढी मेमरी कोणतेच मशीन देऊ शकत नाही. आता कृपया सांगा, हा स्थिरांक आपल्या कोडमध्ये कुठे कुठे वापरला आहे? त्याशिवाय पुढचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागेल.

सानपाडा :
विंडोजवर ही मर्यादा २६० आहे आणि विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून रजिस्ट्रीत एक नोंद बदलून ती उठवता येते. आमच्याकडे खोलवर गेलेल्या फोल्डरांमुळे बॅकअप अडायचा, तो या बदलानंतर सुरळीत झाला. आपणही आधी तेवढे करून पाहावे.

पारसिक :
विंडोजचा येथे संबंध नाही. ‘पाथ_मॅक्स’ तीन ठिकाणी आहे : पूर्ण पाथ काढणाऱ्या रीअलपाथ()च्या बफरला, लिंक कोठे जाते ते वाचणाऱ्या रीडलिंक()च्या बफरला आणि सूचीच्या रेकॉर्डच्या स्ट्रक्चरमध्ये.

घोडबंदर :
मग माझाच उपाय सर्वांत सोपा ठरतो. एका ठिकाणी बदल करा, तिन्ही जागा सुटतील. ४०९६ बाइटांहून लांब पाथ प्रत्यक्षात कोणाकडे असतो?

मासुंदा :
असतो, आणि लिनक्सवरही असतो. एकेका डिरेक्टरीत उतरत पुढची तयार करत गेल्यास ४०९६ च्या पलीकडचे झाड उभे राहते. मर्यादा एका सिस्टीम कॉलला दिलेल्या पाथवर आहे, डिस्कवरच्या झाडावर नाही. पण खरा धोका रीअलपाथ()मध्ये आहे. २००८ च्या पॉझिक्समध्ये स्पष्ट म्हटले आहे की ‘पाथ_मॅक्स’ स्थिरांक नसताना आपण स्वतःचा बफर दिला, तर वर्तन अनिश्चित राहील. बफर किती मोठा आहे हे त्या फंक्शनला कळवण्याची सोयच नाही, त्यामुळे लांब पाथ आला की ते आपल्या ४०९६ बाइटांच्या पुढेही खुशाल लिहीत जाऊ शकेल. बफराच्या जागी नल द्यावा. मग आवश्यक तेवढी मेमरी ते फंक्शन स्वतः घेते आणि काम झाल्यावर आपण ती फ्री() करायची.

रीडलिंक()साठी लहान बफरने सुरुवात करावी, आणि परत आलेली लांबी बफराएवढीच असेल तर बफर दुप्पट करून पुन्हा विचारावे. लिंकची माहिती देणाऱ्या एलस्टॅट()ने दिलेल्या आकारावर विसंबू नये, कारण लिनक्सच्या प्रॉक या आभासी फाइल सिस्टीममधील अनेक लिंका आपला आकार शून्य सांगतात. शेवटचा शून्य बाइटही रीडलिंक() लावत नाही, तो आपणच लावायचा असतो.

उपवन :
थोडे वेगळे सांगतो. आपण पाथचे बोलत आहात, पण मराठी नावे असतील तर आधी नावाचीच मर्यादा आडवी येईल. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर फाइलचे नाव जास्तीत जास्त २५५ बाइटांचे असते, अक्षरांचे नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हे झाली की नाव संपले. त्यातही ‘क्ष’ या एका जोडाक्षराची चिन्हे तीन, म्हणजे बाइट ९, आणि ‘श्री’चे १२.

पारसिक :
आभार, पण नावांची अडचण नाही. ठाण्यातील एका वाचनालयाच्या जुन्या अंकांचे स्कॅन आहेत आणि त्यांची नावे आटोपशीर आहेत. रीअलपाथ() आणि रीडलिंक() मासुंदा यांनी सांगितल्याप्रमाणे बदलले, ते कंपाइल होते. स्ट्रक्चर मात्र अजून तसेच आहे. त्यात पॉइंटर ठेवता येत नाही, कारण तेच स्ट्रक्चर एफराइट()ने जसेच्या तसे सूचीच्या फाइलमध्ये लिहिले जाते.

महापे :
हे पहिल्याच संदेशात आले असते तर चर्चा लवकर मार्गी लागली असती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंपनीत आम्ही नेमका हाच प्रकार निस्तरला आहे. लिनक्सवर ‘पाथ_मॅक्स’ ४०९६ आणि मॅकवर १०२४, त्यामुळे एकाच कोडमधून दोन वेगळ्या लांबीची रेकॉर्डे तयार होत होती, आणि एकीकडे लिहिलेली फाइल दुसरीकडे उघडली की दुसऱ्या रेकॉर्डपासून सगळा मजकूर सरकलेला दिसे. म्हणजे आपली सूची आजही फक्त लिनक्सपुरतीच वाचनीय आहे. हर्डने ते उघडकीस आणले इतकेच. डिस्कवरच्या फाइलची रचना ऑपरेटिंग सिस्टीमच्या हेडरमधल्या आकड्यावर कधीही टेकवू नये. आधी ३२ बिटांत पाथची लांबी लिहावी, बाइटांचा क्रम ठरवून घ्यावा आणि मग तेवढेच बाइट लिहावेत.

घोडबंदर :
त्याने जुन्या सूच्या वाचता येणार नाहीत. सूचीची रचना बदलणे हे पोर्टिंगच्या कामात बसत नाही, हे माझे मत कायम आहे.

महापे :
जुन्या सूच्या राखायच्या असतील तर दोन्ही रचना वाचाव्या आणि लिहिताना फक्त नवी वापरावी. पारसिक, फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा आहे का?

पारसिक :
आहे. पहिले ४ बाइट आवृत्तीचे आहेत आणि आजपर्यंत तेथे १ हाच आकडा गेला आहे.

महापे :
मग काम सोपे आहे. नव्या रचनेला २ द्या. जुनी फाइल वाचण्याच्या कोडमध्ये ४०९६ हा आकडा राहू द्या, पण त्याला ‘जुनी_सूची_पाथ_लांबी’ अशा अर्थाचा स्वतंत्र स्थिरांक करा, कारण तो आता आपल्या फाइलच्या रचनेचा आकडा आहे आणि सिस्टीमच्या मर्यादेशी त्याचा संबंध उरलेला नाही. घोडबंदर यांचा ४०९६ येथे, आणि फक्त येथेच, योग्य ठरतो.

सानपाडा :
कोडमध्ये ‘मॅक्सहोस्टनेमलेन’ (संगणकाच्या नावाची कमाल लांबी) असेल तर तेही शोधून ठेवा, हर्डवर तोही स्थिरांक नाही.

पारसिक :
तो नाही, तपासले. एकच शंका उरली आहे : जुन्या रेकॉर्डातला पाथ पूर्ण ४०९६ बाइट भरलेला असेल आणि शेवटी शून्य नसेल, तर लांबी मोजणारे स्ट्रलेन() पुढच्या रेकॉर्डात शिरेल ना?

मासुंदा :
हो, शिरेल. तेथे स्ट्रएनलेन()ला ४०९६ ची मर्यादा देऊन लांबी काढा. तेही २००८ पासून पॉझिक्समध्ये आहे. उत्तर ४०९६ च आले तर ते रेकॉर्ड सदोष समजून त्याचा क्रमांक वापरणाऱ्याला कळवा आणि पुढचे वाचा.