तीन दिवस वजनांचा व्यायाम करते; जोडीला कोणता क्लास लावावा?

प्रश्न : प्रतापनगरवासी

नमस्कार. माझे वय ४४ असून मी सीताबर्डीवरील एका बँकेच्या शाखेत काम करते. गेली दोन वर्षे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा तीन सकाळी मी घराजवळच्या जिममध्ये वजनांचा व्यायाम करते आणि रविवारी पहाटे शेजारणींसोबत अंबाझरीला तासभर चालते. सुरुवातीला रिकामा बार खांद्यावर घेतला तरी तोल जात असे. आज ६० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलून सरळ उभे राहणे, पाठ सरळ ठेवून पाच वेळा करू शकते. त्यामुळे आपली प्रकृती चांगली कमावली गेली आहे, अशी माझी समजूत झाली होती.

मागच्या कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास आम्ही घरची मंडळी रामटेकला गेलो आणि गडाच्या पायऱ्या चढताना मला अर्ध्या वाटेतच तीनदा थांबावे लागले. पाय दुखत नव्हते, धाप मात्र आवरत नव्हती. माझ्या नणंदबाई ५६ वर्षांच्या आहेत, त्यांनी जिमची पायरी कधी चढलेली नाही, पण नोकरीच्या शाळेत त्या रोज जाऊन-येऊन पायी चालतात. मी वर पोहोचले तेव्हा त्या मंदिराच्या ओट्यावर निवांत बसून आमची वाट पाहत होत्या. त्या दिवसापासून मनात आहे की मंगळवार आणि गुरुवार या रिकाम्या दिवशी एखादा सामूहिक क्लास लावावा, कारण एकटीने धावणे किंवा सायकल चालवणे माझ्याकडून टिकत नाही, हे मी दोनदा करून पाहिले आहे.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत. त्रिमूर्तीनगरच्या एका सभागृहात संध्याकाळी सात वाजता झुंबा, म्हणजे गाण्यांच्या तालावर नाचत करायचा व्यायाम, असतो आणि तो घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. माझ्याच जिममध्ये सकाळी साडेसहाला एचआयआयटीची, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मध्ये थोडी विश्रांती अशा फेऱ्यांच्या व्यायामाची बॅच आहे. वर्धा मार्गावर स्पिनिंगचा, म्हणजे जागच्या सायकलींचा क्लास आहे. चौथा पर्याय योगवर्गाचा. जिना उतरताना माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे थोडे दुखते. चढताना किंवा स्क्वॉट (वजन घेऊन मारायच्या बैठका) करताना दुखत नाही. यांपैकी काय निवडावे, आणि वजनांच्या व्यायामाचे जे कमावले आहे ते यात गमावले तर जाणार नाही ना, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : मनीषनगरची गृहिणी

ताई, मी तीन वर्षांपासून झुंबा करते आणि मनापासून करते, म्हणून माझे मत त्याच बाजूला झुकेल हे आधीच सांगून ठेवते. धाप लागण्याच्या ज्या अडचणीविषयी आपण लिहिले आहे, तिच्यावर मला झुंबाचा स्पष्ट उपयोग झाला. पहिल्या महिन्यात तिसऱ्या गाण्यालाच मी भिंतीला टेकून उभी राहत असे. आता पाऊण तास सलग निभावते आणि घरी येऊन स्वयंपाकालाही उभी राहते.

क्लास ठरवण्याआधी मात्र सभागृहाची फरशी स्वतः पाहून यावी. काँक्रीटवर थेट बसवलेल्या गुळगुळीत टाइल्सवर उड्या मारल्या की गुडघ्यांना हादरे बसतात. लाकडी किंवा रबरी तळ असेल तर उत्तम. दुसरी गोष्ट बुटांची. मी सुरुवातीला धावण्याचे, खोल खाचांचे बूट घालून जात असे. झुंबामध्ये पायाच्या चवड्यावर गिरकी घ्यावी लागते, आणि असे बूट जमिनीला घट्ट धरून ठेवतात. शरीर वळते, पाऊल जागच्या जागी राहते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. माझा डावा गुडघा त्यापायी दीड महिना सुजला होता. सपाट तळव्याचे हलके बूट घेतल्यावर तो त्रास पुन्हा झाला नाही.

शिवाय आपल्या नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्यावा. सभागृह सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर मे महिन्यात स्लॅब रात्री आठपर्यंत तापलेला असतो. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण मृगाचा पाऊस सुरू झाला की तोच कूलर हवा दमट करतो आणि घाम वाळतच नाही. खिडक्या उघडतात का, पंखे किती आहेत, हे पाहूनच पैसे भरावेत, आणि तेही एका महिन्याचेच भरावेत. वर्षाची फी एकदम भरल्यास सवलत देतात, पण उन्हाळ्यात क्लास सुटतो आणि पैसे अडकून पडतात.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, धंतोली

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आलेले आहे. पायांत ताकद होती आणि दम पुरला नाही, याचा अर्थ आठवड्यात जे कमी पडते आहे ते हृदय आणि फुप्फुसांना सलग काम देणारे आहे. कोणता क्लास सर्वांत जास्त घाम काढतो या प्रश्नापेक्षा माझ्या आठवड्यात काय नाही हा प्रश्न आधी विचारावा. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांनी नेमका तोच विचारलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस एरोबिक, म्हणजे दमाचा, व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. दुसरी अट आपण पूर्ण करता. पहिलीच्या खात्यात रविवारचे ६० मिनिटांचे चालणे आहे, पण तेही चाल भरभर असेल तरच धरता येईल. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला तर तो मध्यम तीव्रतेचा व्यायाम समजावा. शेजारणींशी अखंड गप्पा होत असतील तर चालणे त्या पातळीला पोहोचत नाही. चाल वाढवली आणि ४५ मिनिटांचे दोन क्लास लावले, तर ६० अधिक ९० अशी १५० मिनिटे बरोबर भरतात.

वजनांचे कमावलेले जाईल का, ही भीती अगदीच निराधार नाही. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा असे दोन्ही व्यायाम केले. सुमारे सात आठवडे त्यांची पायांची ताकद वाढत गेली, नंतर वाढ थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ती थोडी उतरली. मात्र त्या मंडळींचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस होता आणि सायकल व धावणे सहा दिवस होते. आपण तीन दिवस वजने आणि दोन दिवस क्लास असा विचार करता आहात. पोटभर जेवण आणि पुरेशी झोप असेल तर एवढ्याने ताकद घटण्याचे कारण नाही.

एचआयआयटीचा पर्याय मी आपल्यासाठी आत्ता बाजूला ठेवीन. त्या क्लासमध्ये सहसा उड्यांचे स्क्वॉट, बर्पी (हात टेकून पाय मागे टाकणे आणि पुन्हा उठून उडी मारणे) आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) असतात, म्हणजे सोमवारी आणि बुधवारी ज्या स्नायूंनी वजन उचलले त्यांनाच दुसऱ्या सकाळी पुन्हा कामाला लावले जाते, आणि सोमवार ते शुक्रवार मांड्यांना एकही दिवस विसावा मिळत नाही. या प्रकाराचा आधार म्हणून जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासाचे नाव वारंवार घेतले जाते. त्यात २० सेकंद पूर्ण जोर आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या सायकलवर होत्या. मुख्य व्यायाम चार मिनिटांत संपत असे आणि नंतर पुढची फेरी मारण्याची ताकदच उरत नसे. पाऊण तास चालणारा क्लास ही वेगळी गोष्ट आहे. तो वाईट असतो असे नाही, पण त्या अभ्यासाचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू करू नयेत.

जिना उतरताना वाटीमागे दुखते, हे लक्षण वाटीच्या सांध्यावर भार जास्त येत असल्याचे असते. एकदा प्रत्यक्ष तपासून घ्यावे. स्पिनिंगमध्ये पाऊल जमिनीवर आपटत नाही म्हणून ते गुडघ्याला सोयीचे आहे, पण सीट खाली असेल तर वाटीवरचा दाब उलट वाढतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्यावी. झुंबा करायचा असेल तर प्रत्येक उडीच्या जागी पाऊल टाकावे. ताल तोच राहतो, हृदयाचे काम फारसे कमी होत नाही आणि हादरा वाचतो. निव्वळ गुडघ्याचा विचार केला तर माझा कौल स्पिनिंगला आहे.

उत्तर : सायकलवाला, वर्धा मार्ग

स्पिनिंग मी आजही करतो, तरीही वजने उचलणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी काय करू नये हे माझ्या अनुभवावरून सांगणे मला आवश्यक वाटते. मी तेव्हा चार वर्षे वजने उचलत होतो आणि पायांच्या ताकदीवर माझा पूर्ण भरवसा होता. एका जिममध्ये (नाव लिहीत नाही) पहिल्याच क्लासला मी ५० मिनिटे, त्यातली बरीचशी उभ्याने, जड रेझिस्टन्स (पेडलला होणारा अडथळा) लावून सायकल मारली. ट्रेनरने मी नवीन आहे का हे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, ते नेहमीचेच समजून मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या ताठरल्या, गुडघा वाकेना, आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला.

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून लगेच दाखल करून घेतले. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अनोळखी आणि अतिश्रमाच्या व्यायामाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मी चार दिवस सलाइनवर होतो. सुदैवाने मूत्रपिंडाला इजा झाली नाही. पहिल्या स्पिनिंग क्लासनंतर असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत, हे मला तेव्हा कळले.

ताई, आपली डेडलिफ्ट ६० किलोची आहे म्हणून हे विशेष आग्रहाने लिहितो आहे. ताकद असलेला माणूस रेझिस्टन्स वाढवू शकतो आणि म्हणूनच वाढवतो. पहिला क्लास २० मिनिटांत सोडावा, रेझिस्टन्स हलका ठेवावा, नवीन असल्याचे ट्रेनरला सांगावे, आणि लघवीचा रंग गडद झाला तर घरगुती उपाय न करता तत्काळ दवाखान्यात जावे.

उत्तर : रामनगरचा साधक

मी ६८ वर्षांचा आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात मी कित्येक वर्षे योग शिकलो आणि तेथे विनामूल्य मिळालेल्या शिक्षणाचे ऋण मी आयुष्यभर मानतो. तरीही तुम्हाला गडाच्या पायऱ्यांसाठी योगवर्ग पुरेल असे मी म्हणणार नाही. आसनांनी सांधे मोकळे राहतात, पाठ सुधारते, झोप शांत लागते. परंतु आसनांत स्थिर राहून दीर्घकाळ चढण्याचा दम येत नाही. सूर्यनमस्कार वेगाने आणि सलग घातले तर श्वास वाढतो, हे खरे आहे, मात्र वर्गात ते बहुधा सावकाश शिकवतात आणि तेच योग्य आहे.

धंतोलीच्या फिजिओथेरपिस्टांनी सांगितलेल्या स्पिनिंग आणि झुंबा या दोन क्लासपैकी तुम्ही जो घ्याल तो घ्यावा आणि शनिवारी सकाळी वीस मिनिटे घरीच आसने करावीत. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. गुडघ्याला सोयीचा क्लास जर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि बँकेतून दमून निघालेल्या माणसाला वर्धा मार्गाच्या गर्दीतून तेथे पोहोचायचे असेल, तर तो क्लास तिसऱ्या आठवड्यात सुटतो. मी असे कितीतरी साधक येताना आणि थांबताना पाहिले आहेत. टिकलेल्यांपैकी बहुतेकांचे घर जवळ होते, किंवा सोबत कोणी तरी येत होते.

पुन्हा प्रश्नकर्ती : प्रतापनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या दहा दिवसांत मी गुडघा तपासून घेतला. वाटीच्या सांध्याचाच त्रास असल्याचे निदान झाले आणि मांडीच्या व नितंबाच्या स्नायूंचे चार व्यायाम मिळाले आहेत. स्पिनिंग आणि झुंबा या दोन्हींची एकेक ट्रायलही घेतली. सायकलवर गुडघा मुळीच दुखला नाही, पण शाखेतून निघून तेथे पोहोचायला मला पाऊण तास लागला आणि परतताना साडेनऊ झाले.

त्रिमूर्तीनगरच्या सभागृहात मी बूट काढून आधी फरशीवर पाय ठेवून पाहिला. टाइल्सवर जाड रबरी चटया अंथरलेल्या आहेत आणि सभागृह तळमजल्यावर आहे. मला ज्या गोष्टीने विश्वास वाटला ती वेगळीच. तेथील ट्रेनरने सुरुवातीला गुडघा, कंबर आणि रक्तदाब यांविषयी प्रत्येक नवीन बाईला विचारले, मला दुसऱ्या रांगेत डावीकडे उभे केले, आणि उडीची वेळ आली की ती माझ्याकडे पाहून स्वतः पाऊल टाकत असे, म्हणजे मला तिचे पाहून करता यावे. मी मंगळवार आणि गुरुवारचा झुंबा एका महिन्यासाठी लावला आहे. नणंदबाईंनाही रविवारी अंबाझरीला बोलावले असून चाल त्यांनी ठरवावी असे सांगितले आहे.

एकच शंका उरली आहे. गुरुवारी संध्याकाळी क्लास आणि शुक्रवारी सकाळी सहाला स्क्वॉट, यांत अंतर अकरा तासांचेही नाही. हे चालेल का?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, धंतोली

पहिले तीन-चार आठवडे शुक्रवारी स्क्वॉटऐवजी खांदे, पाठ आणि हातांचा व्यायाम करावा आणि पायांचा मुख्य व्यायाम सोमवारी ठेवावा, कारण त्याआधीचे दोन दिवस क्लास नसतो. बुधवारी स्क्वॉट करावेसे वाटले तर नेहमीच्या वजनाच्या दोन तृतीयांश वजनावर थांबावे. गुरुवारी क्लासहून आल्यावर जेवण टाळू नये. वरण-भात, भाजी आणि सोबत दही किंवा अंडी असे साधे पण पुरेसे जेवण घ्यावे. महिन्याभरात शुक्रवारी सकाळी जिना उतरताना गुडघा गप्प राहू लागला, की शुक्रवारचे स्क्वॉट हलक्या वजनाने पुन्हा सुरू करता येतील.