रोबोटशेजारच्या माणसाचा ताण पट्ट्याने मोजावा का?

मोजपट्टी:
आमच्या जुळणीच्या टेबलावर रोबोटचा हात आलाय. तो भाग पुढे धरतो, माणूस स्क्रू आवळतो. तासाला किती नग निघाले ते पडद्यावर दिसतं, माणूस किती दमला ते कुठेच दिसत नाही. मनगटाला पट्टा बांधा, नाडी आणि घाम मोजा, ताण वाढला की रोबोटने वेग कमी करावा. यात वाईट काय?

पान्हेवाला:
वाईट एवढंच की पट्टा माझ्या मनगटावर येणार. पडलेला स्क्रू उचलायला वाकलो तरी नाडी वाढते, तो ताण धरणार का? माझा वैताग वेगळाच आहे. तो हात भाग घेऊन समोर नुसता थांबतो. ओरडत नाही, काही नाही. पण कुणी आपल्यासाठी ताटकळलंय म्हटलं की घाई होतेच, आणि आटा बसतो तिरका. हे पट्ट्याला कळणार नाही. मला विचारा ना!

मोजपट्टी:
विचारायला नासाची टीएलएक्स प्रश्नावली आहे, १९८८ची. डोक्याला ताण, अंगमेहनत, वेळेचा रेटा, कामगिरी, कष्ट, वैताग असे सहा रकाने. पण ती भरतात काम झाल्यावर, आणि साहेब शेजारी उभे असले की सगळ्यांचं 'मस्त चाललंय'.

तिसरी_पाळी:
साहेबांना घाबरून कागदावर खोटं लिहिणारा माणूस त्याच साहेबांना आपली नाडी देईल? वा! युरोपियन युनियनने कामाच्या जागी एआयने भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५पासून बंदी घातलीय, ती उगाच नाही.

मोजपट्टी:
अर्धंच सांगताय. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना सूट आहे, आणि थकवा त्या कायद्यात भावनेत धरलेलाच नाही. रोबोटचा धक्का कुठे किती चालेल, याचे आकडे आयएसओ/टीएस १५०६६ या रोबोट-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत २०१६लाच शरीराच्या २९ जागांसाठी दिलेत. कपाळाला लागलेलं मोजायचं आणि आत चाललेलं सोडून द्यायचं?

तिसरी_पाळी:
धक्क्याचा आकडा रोबोटला आवरतो. नाडीचा आकडा बढतीच्या वेळी कुणाला आवरेल, ते सांगा आधी.

पान्हेवाला:
भांडू नका. मी तयार झालो की बटण दाबेन, तोवर हात मागेच राहू दे. कोणत्या टेबलावर बटणाला उशीर होतो ते खुशाल मोजा.

मोजपट्टी:
आणि कोण उशीर करतंय ते?

पान्हेवाला:
टेबल म्हटलं मी.