प्रतिसाद: इम्प्लांट आहे, तरी बहिराच

वर विचारलंय की कॉक्लियर इम्प्लांटचं (बहिऱ्या माणसाच्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) ऑपरेशन झाल्यावर सगळं नॉर्मल ऐकू येतं ना. नाही हो. चष्मा घातला की लगेच स्वच्छ दिसतं, तसं हे नसतं. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडून चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून आत पाठवतो आणि कॉक्लियातले (आतल्या कानातला शंखासारखा भाग) इलेक्ट्रोड थेट ऐकण्याच्या नसेला करंट देतात, ते कंपनीप्रमाणे १२ ते २२, खऱ्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी हजारोंनी असतात, मग सुरुवातीला समोरची माणसं रोबोटसारखी बोलताना ऐकू येतात यात नवल काय! मॅपिंग (प्रोसेसरचं सेटिंग जुळवणं) आणि सराव करत करत मेंदू शिकतो.

शांत खोलीत समोरासमोर मस्त जमतं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र पार बोंब, त्यात काका लोक कानाशी येऊन ओरडतात, अहो ओरडल्याने शब्द अजून फाटतो, फक्त तोंड दिसू द्या आणि जरा सावकाश बोला. माझं एकाच कानाला आहे, त्यामुळे हाक आली की कुठून ते कळत नाही, मी आपला गोल फिरतो. पावसाळ्यात प्रोसेसर रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत. आणि तो काढला की पूर्ण शांतता, शेजारच्यांचा गणपती डीजे खुशाल वाजू दे (हा फायदा कोणी सांगत नाही).

ज्या ताईंनी लहान मुलासाठी विचारलंय त्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक्-श्रवण संस्थेत एडिप योजनेची (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) चौकशी करा, उशीर नका करू, आणि पुढे वायर, कॉइल, बॅटरीचा खर्च कोण करणार तेही आधीच विचारून घ्या.