स्प्रे पाँडपर्यंत मोडबस हवेतून न्यायचं का?

इन्स्ट्रुमेंटवाला:
साखर कारखान्यात आहे. ऑफ-सीझनच्या खोदकामात जेसीबीने स्प्रे पाँडची (पाणी गार करायच्या तळ्याची) केबल पुन्हा तोडली. साहेब म्हणतात, आता वायरलेसच करा. कंट्रोल रूमपासून अंतर ७०० मीटर, मध्ये बॉयलर हाउस आणि बगॅस यार्ड (उसाच्या चिपाडाचं, सध्या रिकामं). तिकडे इंजेक्शन पंपांचे एनर्जी मीटर, पाण्याचं तापमान आणि एक फ्लोमीटर, सगळं आरएस-४८५ च्या तारेवर मोडबस आरटीयू, म्हणजे मीटरांना आकडे विचारायची भाषा. दोन टोकांना रेडिओ मोडेम लावले. टेबलावर झकास, पाँडवर निम्मे टाइमआउट. वायरलेसहार्टचं (ट्रान्समीटरांचं बिनतारी जाळं) कोटेशन बघून साहेब गप्प झालेत. गाळपाआधी काय करता येईल?

अण्णा पॅनेलवाले:
रेडिओला शिव्या घालू नका. मोडबस १९७९ चं, तारेवर वाढलेलं. फ्रेम (एक पूर्ण निरोप) संपली हे त्याला साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून कळतं, म्हणजे ९६०० बॉडला जेमतेम ४ मिलिसेकंद. रेडिओने फ्रेम दोन तुकड्यांत पोचवली की सीआरसी (फ्रेममधला तपासणीचा आकडा) चुकतो आणि मीटर उत्तरच देत नाही. टाइमआउट वाढवून थोडं निभेल, पण मीटर वाढले की पुन्हा तेच.

मोडबस पाँडवरच राहू द्या. तिथल्या पॅनेलमध्ये एक नोड बसवा. तो मीटरांना तारेवरून विचारेल आणि नुसते आकडे लोरावॅनने (लांब पल्ल्याचं, कमी वेगाचं रेडिओ नेटवर्क) पाठवेल. गेटवेपासून (नोडचे निरोप घेणारा डबा) स्काडापर्यंत (कंट्रोल रूममधलं देखरेखीचं सॉफ्टवेअर) एमक्यूटीटी, म्हणजे नेटवर्कवरून निरोप न्यायची पद्धत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ठरलेल्या पॉवरच्या आत विनापरवाना आहे. माल आयएन८६५ चाच (भारताच्या पट्ट्याचा) मागा, नाहीतर युरोपचा ८६८ वाला गळ्यात मारतील.

आणि यार्ड रिकामं असताना सिग्नल बघून खूश होऊ नका. मिलमधून आलेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. जानेवारीत ढीग उभा राहिला की तुमच्या लिंकसमोर ओली भिंत. अँटेना त्या ढिगाच्या वरून दिसेल एवढी उंच घ्या.

लूप_ट्यूनर:
अण्णांशी सहमत, पण वायरलेसहार्टला नुसतं महाग म्हणून सोडू नका. ते आयईसी ६२५९१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रान्समीटर एकाच जाळ्यात चालतात. १० मिलिसेकंदांचे ठरलेले स्लॉट, चॅनेल बदलत राहतो, एक वाट अडली की निरोप शेजारच्या ट्रान्समीटरकडून जातो. लोरामध्ये (लोरावॅनमागचा रेडिओ) एसएफ १२ वर, म्हणजे सगळ्यात संथ सेटिंगला, छोटा निरोपसुद्धा सेकंदाहून जास्त वेळ हवेत असतो. तापमानाला चालेल, दर दोन सेकंदांनी प्रेशर हवं असेल तर नाही.

इन्स्ट्रुमेंटवाला:
मला दहा मिनिटांनी एक रीडिंग पुरे, लोराच करतो. त्यावरूनच पंप ट्रिप (बिघाडात बंद) करता येईल का? आणि एका मीटरचे किलोवॅट काहीच्या काही येतात, बाकीचे बरोबर.

अण्णा पॅनेलवाले:
ट्रिप हवेतून? अजिबात नाही. ती पंपाच्या स्टार्टरलाच, तारेने. लोरावॅनचा क्लास ए नोड स्वतः बोलल्यावरच थोडा वेळ ऐकतो, मग झोपतो. तुमचा ट्रिपचा हुकूम पुढच्या रीडिंगपर्यंत ताटकळेल.

त्या मीटरचा फ्लोट (दशांशाचा आकडा) दोन रजिस्टरमध्ये (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) असणार. दोन्हींची अदलाबदल करून वाचा.