पहिला साप कोणता घ्यावा?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. बारा वर्षांच्या मुलीला साप पाळायचा आहे. कॉर्न स्नेक बरा की बॉल पायथन, याबाबत अनुभवींनी कृपया सांगावे.

उत्तर १: ताई, माझे मत निःसंशय कॉर्न स्नेकला. बॉल पायथन शांत असला, तरी माझ्याकडच्याने एका हिवाळ्यात चार महिने उंदराला तोंड लावले नाही आणि तेवढा धीर नवख्याला धरवत नाही. कॉर्न स्नेक सहसा चार-पाच फुटांपर्यंत वाढतो; पेटीची एक बाजू २८ ते ३० अंशांवर ठेवावी, दुसरी थंड असावी, आणि हीटरला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारे उपकरण) हवाच. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्यानेच द्यावा.

उत्तर २: झाकणाला कडी लावा. आमचा साप बोटभर फटीतून निसटून तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनमागे, धुळीने माखलेला सापडला. शिवाय कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर उंदीर तुम्हालाच वितळवावे लागतील!

उत्तर ३: हे वाचून महाराष्ट्रात कोणी धामण किंवा दिवड घरी आणू नये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

प्रश्नकर्ती: आभार. उंदीर आमच्याच फ्रीजरमध्ये ठेवायचे, हे मात्र सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.