पोराचं सोलो अडकलंय, इन्स्ट्रक्टर सारखे बदलालेत, स्कूल बदलावं काय?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. पोरगा बाहेरच्या राज्यात फ्लाइंग स्कूलला आहे, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स करालाय. तीस तास उडून झाले तरी सोलो नाही, म्हणजे एकट्याला विमान उडवायला दिलेलं नाही. विचारलं तर म्हणतोय इन्स्ट्रक्टर टिकतच नाहीत, अनुभवाचे तास जमले की एअरलाइनला पळतात, नवीन येतोय तो परत पहिल्यापासून चालू करतोय. लँडिंगला एक सांगतोय नजर रनवेच्या टोकाला ठेव, दुसरा ओरडतोय स्पीड बघ आधी, पोराचं डोकं फिरायची वेळ आलीय. उतरल्यावर 'ठीक आहे, उद्या बघू', झालं डिब्रीफिंग, काय चुकलं ते कोण सांगतंय! निम्म्याच्या वर फी भरून बसलोय. घरात सगळे म्हणालेत आपल्या बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्यालाच ट्रेनिंग आहे की, इकडंच आणा. काय करावं?

टिळकवाडी_कट्टा
काका, मी सीपीएल केलंय म्हणून सांगतो. आधी पोराचं ट्रेनिंग रेकॉर्ड बघा, लॉगबुक नव्हे हां, लॉगबुकात नुसते तास कळतात. रेकॉर्डात दर सॉर्टीला, म्हणजे दर उड्डाणाला, इन्स्ट्रक्टरनं काय लिहिलंय ते असतंय. पानंच्या पानं 'सॅटिस्फॅक्टरी' आणि तरी सोलो नाही, तर घोळ शिकवणाऱ्याकडं आहे. 'फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) उंचावर करतोय, रडर (शेपटीचं सुकाणू) कमी पडतोय' असं नेमकं लिहिलेलं असलं तर नवीन माणूससुद्धा तिथनं पुढं नेतोय. सीएफआयला (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर) मेल टाकून सोलोपर्यंत एकच इन्स्ट्रक्टर द्या म्हणून मागा, तोंडी नको. लायसन्सच्या 200 तासांतले 100 पायलट इन कमांडचे, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले लागतात, सोलोच अटकलं की पुढचं सगळंच अटकतंय.

निपाणीवाला
सगळं इन्स्ट्रक्टरवर ढकलू नका वो. पोराला फोनवर सर्किट (रनवेभोवतीचा उड्डाणाचा फेरा) म्हणून दाखवायला सांगा, डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेनं उडताना) स्पीड किती, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) कधी, इंजिन बंद पडलं तर काय. अडखळला तर खोलीत खुर्चीवर बसून घोकायचं ते, विमानात तासाचं मीटर पळत असतंय.

सांबरा_रोड
घराजवळ आहे एवढ्यासाठी आणू नका. सांबऱ्याचा रनवे 2300 मीटर आहे, शिकायला जागा भरपूर, पण विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 2500 फुटांवर, एप्रिलातल्या दुपारी हवा विरळ, बारकं विमान चढायला कुरकुरतंय. पावसाळ्यात तर आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे, ढग डोक्यावर आणि विमानं हँगरमध्ये. शिवाय कुठंही बदलला तरी आधी चेक सॉर्टी (पोराला किती येतंय ते बघायचं उड्डाण) होणार, त्याचे पैसे वेगळे. कुठलंही स्कूल असू दे, विमानं किती हे विचारू नका, आज उडण्यासारखी किती आणि पोरं किती ते विचारा. कँटीनमध्ये शिकणाऱ्या पोरांना गाठून विचारा, ऑफिसातला माणूस गोडच बोलणार. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएनं 2025 पासून फ्लाइंग स्कूलना ग्रेड द्यायला चालू केलंय, पहिल्या यादीत वरच्या दोन ग्रेडमध्ये एक पण स्कूल नव्हतं, बघा आता!

खानापूरकर
रेकॉर्डचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आजच पोराला फोटो काढून पाठव म्हणालोय. बदललंच तर उरलेली फी परत मिळते काय?

टिळकवाडी_कट्टा
अ‍ॅग्रीमेंटात रिफंडचं काय लिहिलंय त्यावर आहे काका. सीएफआयचं उत्तर येईतोवर पुढचा हप्ता मात्र भरू नका, आणि हप्ता चुकला तर काय दंड लावलाय तेही त्याच कागदात बघून घ्या.