ब्राउनीत मिरी, जायफळ, तिरफळ : कोकणातले अनुभव लिहा

दापोली
चॉकलेट आणि तिखट यांची सोबत जुनीच. मेक्सिकोत माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालत. साखर तिथे स्पॅनिश लोकांबरोबर आली. आपल्याकडे तर दालचिनी, मिरी, जायफळ माडाच्या सावलीत होतं, आमच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ दालचिनी आणि ‘कोकण सुगंधा’ जायफळ आहेच. ज्यांनी ब्राउनीत यातलं काही घातलंय त्यांनी लिहा. काय, किती आणि कधी घातलं, तेही सांगा.

माझं असं: १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ११५ ग्रॅम लोणी वितळवते. दोन अंडी, २०० ग्रॅम बारीक साखर चांगली फेटते; साखर अंड्यात विरघळली तरच वर तो तडकलेला पातळ पापुद्रा येतो. मग ६५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको, मीठ. अर्धा चमचा दालचिनी आणि पाव चमचा ब्याडगीची पूड मात्र मैद्यात नाही, गरम लोण्यात. मिरचीचा तिखटपणा स्निग्धात विरघळतो, पाण्यात नाही. लोण्यात गेला की सगळीकडे सारखा पसरतो, एखाद्याच घासाला ठसका लागत नाही. १७५ अंशांवर २५ मिनिटं. आधी नुसतं चॉकलेट लागावं आणि घास गिळल्यावर घशात ऊब यावी, इतपतच तिखट मला हवं असतं.

रत्नागिरी
मी मिरचीच्या जागी मिरी घालते. घरचे वेल माडांवर चढलेत. पण कुटायची ती ऐन वेळी, आणि जाडसर. पूड करून ठेवली की तिखट राहतं, वास उडून जातो, आणि चॉकलेटला खरी गरज त्या वासाची असते.

गुहागर
ओव्हन नाही, आणि असता तरी पावसात लाईटचा भरवसा नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, वर स्टँड ठेवून, नानकटाई करतो तसंच करते. आच मंद, वेळ चाळीस मिनिटांच्या आसपास. झाकणाला आतून फडकं बांधलं की वाफेचे थेंब वर पडत नाहीत. पापुद्रा ओव्हनसारखा तडकत नाही, पण आतला ओलसरपणा सुरेख येतो. सुंठ घालून बघा, मला दालचिनीहून आवडते.

मालवण
मी जायफळ किसून घातलं. आये घरात इली आणि म्हणाली, “ह्येका तर पुरणपोळयेचो वास येता!” चॉकलेट तिने कधी आवडीने खाल्लं नव्हतं, त्या दिवशी दोन तुकडे खाल्ले. मला याहून मोठी पावती नको.

सावंतवाडी
मसाल्याचं नाही, पण लोण्याचं सांगतो. दोन चमचे लोणी कमी करून तेवढंच खाण्याजोगं, गाळलेलं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) घाला. थंड झाल्यावर ब्राउनी कापताना कड स्वच्छ येते, आणि मसाल्याच्या वासाआड भिरंडेल येत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांत कोकोबटरखेरीज सहाच वनस्पती स्निग्धांना चॉकलेटमध्ये परवानगी आहे, तीही ५ टक्क्यांपर्यंत. त्यांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही! आणि आपण ते भेगांना लावून संपवतो.

देवगड
तिरफळाचं अजून कोणीच कसं लिहिलं नाही? बी काढून टाका, नुसती साल घ्या. पाच-सहा साली कोमट लोण्यात अर्धा तास ठेवायच्या आणि लोणी गाळून घ्यायचं. जिभेला मुंग्या येतात, लिंबासारखा वास मागे राहतो. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच कुळातली. घरात दोन तट आहेत: मुलं मागून खातात, यजमानांना मात्र तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलंच आठवतं. त्यांच्यासाठी साधी वेगळी भाजते.

अलिबाग
पावसात कोकोचे गोळे होतात, आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रा मऊ पडतो. उपाय?

दापोली
अलिबागच्या ताई, कोको चाळूनच घ्या आणि बरणी घट्ट लावा. पापुद्र्याला इथल्या हवेत इलाज नाही, तो हवा असेल तर त्याच दिवशी खावा. पण मसाला रात्रभर मुरतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त लागतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर मी आदल्या संध्याकाळी भाजते आणि मिरची थोडी कमी घालते. देवगडकर, तिरफळं ओली घेता की वाळवलेली?